मूर्खांचा राजयोग

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरात दोन उद्योग एकदमच सुरू होतात. स्वयंपाकघरात चकल्यांचा आणि बाहेरच्या खोलीत चिरंजीवांच्या सुट्टीतल्या अभ्यासाचा. दोन्हीकडे माझे काम एकच. जे बिघडले असेल ते मुकाट्याने संपवायचे.

यंदा चिरंजीवांना निबंध आला होता, ‘मी पंतप्रधान झालो तर’. हा विषय मी स्वतः सहावीत असताना लिहिला होता. माझ्या वडिलांनीही लिहिला असला पाहिजे. महाराष्ट्रातल्या शाळांतून वर्षाकाठी किती पंतप्रधान तयार होत असतील याचा हिशेब करू लागलो, तर छाती दडपून जाते. इतकी तयारी करूनही एकाही मराठी माणसाला ती खुर्ची अद्याप मिळालेली नाही. याचा अर्थ एवढाच की, दिल्लीत आमचे निबंध कोणी वाचत नाही.

चिरंजीवांची वही मी हातात घेतली. पहिलेच वाक्य होते, ‘मी पंतप्रधान झालो तर सर्वप्रथम गणित हा विषय बंद करीन.’ इथवर ठीक होते. ही लोकांची जुनीच मागणी आहे. पण दुसरे वाक्य असे, ‘नंतर मी भारतातील सर्व नद्या सरळ करीन, म्हणजे नकाशा काढायला सोपे जाईल.’

मी पोट धरून हसलो. म्हटले, ‘‘अरे, असला मूर्ख माणूस कधी पंतप्रधान होतो का?’’

त्याला राग आला असता तर बरे झाले असते. पण तो शांतपणे म्हणाला, ‘‘होऊच शकत नाही का, बाबा? तसा नियम आहे?’’

मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर आतून आईचा आवाज आला, ‘‘न व्हायला काय झालं? घराचा कर्ता होतो, मग देशाचा का नाही होणार?’’

चकलीचा सोऱ्या एकदम थांबला. पाठोपाठ बांगड्यांचा आवाज आला. आमच्या सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसतात तेव्हा असाच आवाज येतो.

पण नियम आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत. त्यांना फोन लावला. ते घरी अनारशांच्या पिठाशी झुंजत होते, तरीही त्यांनी घटनेची कलमे घडाघडा सांगितली. लोकसभेवर निवडून यायचे तर माणूस भारताचा नागरिक हवा आणि त्याला पंचवीस वर्षे पुरी झालेली हवीत. राज्यसभेला तीस लागतात. हे कलम ८४. कोण चालणार नाही ते कलम १०२ मध्ये आहे. त्यात दिवाळखोर आहे आणि ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा माणूसही आहे. मात्र तसे अधिकार असलेल्या कोर्टाने त्याला जाहीर केलेले हवे. ‘‘आणि मूर्ख?’’ मी विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, ‘‘मूर्ख ठरवणारं कोर्ट अजून निघालेलं नाही. निघालं, तर न्यायाधीश कुठून आणायचे?’’

म्हणजे नियम नाही. घटनाकारांनी दार उघडे ठेवले आहे, आणि मला वाटते, जाणूनबुजून ठेवले आहे.

आपल्या लोककथांत तरी दुसरे काय आहे? राजा निपुत्रिक मेला की प्रधानमंडळी हत्तिणीच्या सोंडेत माळ देऊन तिला नगरात सोडतात. ती वेशीबाहेर पारावर झोपलेल्या एखाद्या भणंगाच्या गळ्यात माळ घालते, की झाला तो राजा! लहानपणी ही गोष्ट ऐकताना त्या भणंगाला काही येत होते की नाही, असा प्रश्न कोणी विचारला नाही. हत्तिणीची परीक्षा कोणी घ्यायची? आता हत्तीण गेली आणि तिच्या जागी आपण आलो, इतकाच फरक. आपल्या सोंडेत माळेऐवजी बोटाला शाई असते.

आणि ज्यांना शहाणे म्हणावे, ते आपल्या इतिहासाने मोजून ठेवले आहेत. पेशवाईतले साडेतीन शहाणे! सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पुरे. आणि नाना फडणीस अर्धे, कारण त्यांना तलवार चालवता येत नसे. यातला एकही गादीवर बसलेला नव्हता. शहाणे सगळे गादीच्या बाजूला, हातात कागद घेऊन उभे. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. सखारामबापूंचा शेवट कैदेत झाला, आणि त्यांना कैदेत टाकले ते अर्ध्या शहाण्याने. म्हणजे अर्धे शहाणपण पुऱ्याला पुरून उरले. शहाणपण आणि राज्य यांचे त्रैराशिक काही सरळ दिसत नाही.

यावर मला सर्वांत आवडलेली गोष्ट आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी दोन वर्षांपूर्वी चहाच्या सुट्टीत सांगितली. ती रोमच्या क्लॉडियस बादशहाची.

हा राजघराण्यातला मुलगा पाय ओढत चाले, बोलताना अडखळे, त्याची मान हले. घरात त्याला कोणी माणसांत धरीत नसे. त्याच्या सख्ख्या आईला एखाद्याला ठोंब्या म्हणायचे झाले, तर ती ‘हा माझ्या क्लॉडियसहूनही मूर्ख आहे’ असे म्हणत असे. ऑगस्टस बादशहा तर पत्र लिहून आपल्या बायकोशी खल करी, की खेळांच्या वेळी याला लोकांपुढे बसवावे की लपवावे. मग याने काय केले? कोनाड्यात बसून इतिहास लिहिला. एट्रुस्कन लोकांचा वीस भागांत आणि कार्थेजचा आठ भागांत. (आज त्यातला एकही भाग शिल्लक नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध अनेक वर्षे अपुराच आहे. ही गोष्ट ऐकल्यापासून मला त्याचे दुःख राहिलेले नाही.)

पुढे त्याचा पुतण्या कॅलिगुला राज्यावर आला. आपल्या लाडक्या घोड्याला कॉन्सुल करण्याच्या गोष्टी करणारा तो हाच. इसवी सन ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला, राजवाड्यात पळापळ झाली, आणि क्लॉडियस भीतीने पडद्याआड लपला. एका शिपायाला पडद्याखालून पाय दिसले. शिपायाने पडदा ओढला. क्लॉडियस त्याच्या पाया पडायला गेला, तर शिपायाने त्यालाच बादशहा म्हणून सलाम केला. पाहा, हत्तिणीची माळ रोमपर्यंत पोहोचली होती!

आणि या ठोंब्याने तेरा वर्षे राज्य केले. ओस्टियापाशी मोठे बंदर बांधायला काढले, म्हणजे रोमला धान्य वेळेवर पोहोचावे. शहराला पाणी आणणारे मोठाले कालवे पुरे केले. ब्रिटनवर स्वारी केली. लॅटिन लिपीत तीन नवी अक्षरेही घातली, ती मात्र तो मेल्यावर लोकांनी टाकून दिली. त्याच्या हातून वाईट कामेही झाली. त्याने माणसे मारवली, आणि त्याच्या बायका व कारभारी त्याला खेळवीत असे म्हणतात. पण राज्य बुडाले नाही. तो स्वतः सांगे, की कॅलिगुलाच्या काळात जीव वाचावा म्हणून आपण मूर्खाचे सोंग घेतले होते. यावर रोममधल्या कोणा शहाण्याने लगेच एक पुस्तक काढले. त्याचे नाव ‘मूर्खांचा उदय’, आणि त्यातला सिद्धांत असा, की मूर्खाचे सोंग कोणीच घेत नसते!

क्लॉडियस मेला तेव्हा नव्या बादशहाला म्हणजे नीरोला भाषण लिहून दिले ते त्याचा गुरू सेनेका याने. त्यात क्लॉडियसच्या शहाणपणाचा उल्लेख आला मात्र, अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांना हसू आवरेना. आणि त्याच सेनेकाने, असे मानतात, गुपचूप एक प्रहसनही लिहिले. मेलेला बादशहा देव होतो अशी रोमन समजूत. सेनेकाने त्याचा केला भोपळा. त्या लेखाच्या नावाचा अर्थच मुळी ‘भोपळा होणे’ असा आहे. (वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी इथे हरकत घेतली. लाल भोपळा अमेरिकेतला. तो त्या काळी रोममध्ये नव्हता, तेव्हा तो दुधीसारखा काहीतरी असणार. आमच्या कॉलेजात विनोदालाही पुरावा लागतो.) क्लॉडियसने सेनेकाला आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपार केले होते, हेही सांगायला हवे. शहाण्याचा राग आठ वर्षे टिकला आणि भोपळ्याएवढा झाला.

मी खूप हसलो. तेव्हा इतिहासाचे प्राध्यापक कप खाली ठेवीत म्हणाले, ‘‘मूर्खाला भोपळा म्हणणारा हा रोममधला सर्वांत शहाणा मास्तर. त्याचा विद्यार्थी नीरो. तो हुशार होता, कविता करायचा. इसवी सन ६५ मध्ये त्याने आपल्या या गुरूला मरण्याचा हुकूम पाठवला.’’

घंटा झाली आणि आम्ही तासावर गेलो. पण मास्तर हा शब्द मला कुठेतरी बोचला होता.

कुठे ते सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी मी नोकरीला नवा होतो. प्रथम वर्षाच्या वर्गात मी मुलांना कविता मोठ्याने वाचायला लावीत असे. एक मुलगा होता, गावाकडून आलेला, शेवटच्या बाकावर बसणारा. त्याची पाळी आली. पहिल्याच ओळीत ‘प’ या अक्षरापाशी त्याची गाडी अडली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. एक चांगला शिक्षक अशा वेळी वाट पाहतो. मी वाट पाहिली नाही. मी म्हणालो, ‘‘बस खाली. काळजी करू नकोस, तू पुढारी होशील! तिथं भाषण लिहितो एक, वाचतो दुसरा आणि टाळ्या मिळतात तिसऱ्याला.’’

शंभरावर मुले खदखदा हसली. तोही हसला. मला त्या दिवशी फार बरे वाटले. घरी येऊन मी तो विनोद सांगितला. खोटे कशाला बोलू, पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या वर्गांत मी तो पुन्हा पुन्हा वापरला. चाचणीत त्या मुलाला वीसपैकी तीन गुण पडले होते. पुढल्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही. का दिसला नाही, हे मी कोणाला विचारलेही नाही.

गेल्या जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर घेऊन मी पुरंदरच्या बाजूला एका गावी गेलो होतो. शाळेच्या पटांगणात स्वागताची सभा. सरपंच बोलायला उभे राहिले, आणि ‘पाहुणे’ या शब्दातल्या ‘प’पाशी थांबले.

मी त्याला ओळखले. चेहऱ्यावरून नव्हे, त्या थांबण्यावरून.

माझी मुले एकमेकांकडे पाहू लागली. पण गावातले कोणीच चुळबुळ करीना. म्हातारेकोतारे, बायका, पोरे सगळी शांत बसून होती; वाट पाहण्याची त्यांना सवय होती. शब्द आला. मग तो सावकाश म्हणाला, ‘‘सरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तू पुढारी होशील. तोवर आमच्या घरातसुद्धा कुणाला तसं वाटलं नव्हतं.’’

टाळ्या पडल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. तिथे काहीसुद्धा लिहिलेले नव्हते. त्याने ते खरेच आशीर्वाद म्हणून घेतले होते, की एकोणीस वर्षांनी माझीच चेंडूफळी मला परत केली होती? शिबिराचे सात दिवस मी याचा विचार करीत होतो. त्याला आता ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हेदेखील मला ठरवता येईना. मी आपला क्रियापदे टाळून बोलत होतो. मराठीच्या प्राध्यापकाला एवढे तरी जमते.

मधेच २६ जानेवारीची ग्रामसभा झाली. नळयोजनेचा आराखडा घेऊन एक साहेब आले होते. बोलणे असे, की जणू मुंबईला जाणारी जलद गाडी. आकडे, व्यास, क्षमता, टप्पा पहिला, टप्पा दुसरा. सगळे माना डोलावत होते. मीही डोलावत होतो, आणि मला त्यातले अक्षर कळत नव्हते. शिकलेल्या माणसाची मान अशा वेळी आपोआप हलते. ती शिक्षणाचीच एक खूण आहे.

सरपंच म्हणाला, ‘‘कळलं नाही. परत सांगा.’’

साहेबांनी परत सांगितले. तो म्हणाला, ‘‘अजून कळलं नाही.’’ साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्या बरोबरचा कारकून खाली मान घालून हसला. ते हसणे मी ओळखले. ते माझेच होते. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर सरपंचाने नकाशावर बोट ठेवले आणि अडखळत विचारले, ‘‘टाकी इथं खाली. आमची वरची वाडी इथं. पाणी वर कसं चढणार?’’

‘‘मोटर आहे ना!’’

‘‘अन् वीज गेल्यावर?’’

साहेबांनी नकाशा फिरवून पाहिला, मग उलटा फिरवून पाहिला. टाकीची जागा पुन्हा तपासायचे ठरले. एवढेच झाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी जयजयकार केला नाही. वरच्या वाडीतल्या एका आजीने फक्त पदराने नाक पुसले.

मला त्या रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडल्या पडल्या महंमद तुघलक आठवला. दरवर्षी मुलांना सहलीला देवगिरीला नेतो तेव्हा मी तुघलकावर दहा मिनिटे हमखास विनोद करतो. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द आपण मूर्खपणाला म्हणून वापरतो. पण तो माणूस कुठे मूर्ख होता? दिल्लीच्या तख्तावर त्याच्याइतका पढलेला सुलतान क्वचित झाला असेल. तर्कशास्त्र, वैद्यक, गणित, फार्सी काव्य, अक्षर मोत्यासारखे. त्याने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद म्हटले. कल्पना नकाशावर पाहिली तर बरोबरच होती, देवगिरी राज्याच्या मध्यावर पडे. पुढे चांदीच्या मोलाने तांब्याची नाणी चालवली. तीही कल्पना खोटी नव्हती. आज आपल्या खिशातल्या नोटांत दुसरे काय आहे? पण खोटी नाणी पाडायला घरोघर टांकसाळी निघाल्या, आणि शेवटी सरकारला ती सगळी नाणी खऱ्या चांदीच्या भावाने परत घ्यावी लागली. त्या सुलतानाच्या दरबारात सगळ्यांच्या माना हलत असणार. ‘कळलं नाही, परत सांगा’ म्हणणारा एखादा अडखळणारा सरपंच तिथे नव्हता. असता, तर त्याची मान धडावर राहिली नसती.

आणि मी कोणाला हसत आलो? तुघलकाला हसलो ते सातशे वर्षांनंतर, देवगिरीच्या पायऱ्यांवर बसून, पाण्याची बाटली हातात घेऊन. त्यात धोका नव्हता. जिवंत माणसांपैकी मी हसलो ते शेवटच्या बाकावरच्या पोराला. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीलाही मी असाच हसतो, आणि उभे राहण्याची वेळ आली की मला पेपर तपासायचे असतात.

शिबिर संपले. एस.टी.च्या थांब्यावर तो पोहोचवायला आला. बगलेत एक भलामोठा लाल भोपळा.

‘‘सर, घरी न्या. आपल्या शेतातला आहे.’’

मी दोन पावले मागे सरलो असेन. ‘‘अरे, हे कशाला?’’

तो थांबला. मी या खेपेस वाट पाहिली. ‘‘तुम्ही दिलं ते मी घेतलं, सर. आता मी देतो ते तुम्ही घ्या.’’

गाडी आली. पुण्यापर्यंत तो भोपळा माझ्या मांडीवर होता. सासवडला चढलेल्या एका बाईने त्याचा भाव विचारला. सेनेकाची गोष्ट त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण चाचणीतल्या भोपळ्याची कथा तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि त्याला मी तीन गुण दिले होते. भोपळ्याला तेवढेच कमी पडले होते. दिवे घाटाच्या एकेका वळणावर मी एकेक अर्थ काढीत होतो. साधा अर्थही निघत होता. गुरुजी आले, शेतात भोपळा होता, दिला. खेड्यात माणसे असे देतात.

घरी त्याचे घारगे झाले. सौभाग्यवतींनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले, ‘‘त्याची क्षमा मागितलीत का हो तुम्ही?’’ माझ्या तोंडात घारगा होता. तो मी बराच वेळ चघळीत राहिलो.

चिरंजीव समोर उभे होते. ‘‘बाबा, सांगा ना. नियम आहे का?’’

‘‘नाही,’’ मी म्हटले, ‘‘नियम नाही.’’

वहीतले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे मी तपासले. ‘पंतप्रधान’ शब्दावरचा अनुस्वार राहिला होता, तो दिला. नद्या सरळ करण्याची योजना होती तशीच ठेवली. त्या का वळतात, असे मी त्याला विचारले. त्याला माहीत नव्हते. मग त्याने मला विचारले. मलाही नीट सांगता येईना. आम्ही दोघे भूगोलाचे पुस्तक शोधीत असताना आतून आईने हाक मारली, ‘‘अरे, घराचा कर्ता चकली चाखून बघायला येतोय का? मीठ कमी झालंय असं वाटतंय.’’